अद्भुताची गोतसभा

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या वाचनालयाच्या माडीवर जे पंधरा-वीस वाचक जमतात, त्यांत दोन निवृत्त मुख्याध्यापक, एक वकील, बँकेच्या नोकरीतून मुदतीआधीच मोकळ्या झालेल्या एक बाई, महाविद्यालयात शिकणारी तीन-चार मुलेमुली आणि सारी हयात महसूल खात्यात काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, लहानथोर सर्वांचे तात्या, असा संमिश्र समाज असतो. ऐतिहासिक कादंबरी, चरित्र, फार तर प्रवासवर्णन, यांपलीकडे ज्याची मजल सहसा जात नाही अशा या मंडळापुढे गेल्या पावसाळ्यात एका मुलीने जेव्हा जे. आर. आर. टॉल्किन यांची 'द हॉबिट' ही १९३७ साली प्रसिद्ध झालेली अद्भुत कादंबरी वाचावी अशी सूचना मांडली, तेव्हा ज्येष्ठांच्या मुद्रांवर जो सौम्य, क्षमाशील उपहास पसरला तो माझ्या चांगला परिचयाचा होता. दोघांपैकी एका मुख्याध्यापकांनी तर, बुटके, राक्षस आणि सोन्याच्या राशीवर निजलेला उडता सर्प यांच्याविषयी माणसाने पासष्टाव्या वर्षी मत ते काय द्यायचे, असा रोकडा सवालच टाकला.

सवाल चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. तो चुकीच्या ठिकाणी विचारला गेला होता. अद्भुत कादंबरीवर आपल्याकडे जी मते ऐकू येतात ती बहुधा दोन जातींची असतात. असले काही घडतच नाही, तेव्हा वाचण्याचे प्रयोजन काय, असे म्हणून पुस्तक उंबऱ्यावरूनच परत पाठविणारे एकीकडे, आणि ग्रंथाच्या नुसत्या नावानेच सद्गदित होऊन 'अप्रतिम', 'अफाट' या दोन विशेषणांत सारा हिशोब चुकता करणारे भक्तगण दुसरीकडे. या दोघांनी ग्रंथाच्या मुलखात पाऊल टाकलेले नसते, म्हणून त्यांच्या बोलण्याला मत म्हणणे मला जड जाते.

पुस्तक वाचून मंडळ पुन्हा जमले त्या रविवारी मत दिले ते तात्यांनी. आयुष्यात अद्भुत कादंबरी म्हणून त्यांनी वाचलेले हे पहिलेच पुस्तक. पण ते वाचताना त्यांनी सवयीप्रमाणे पाठकोऱ्या कागदावर टिपणे काढली होती, आणि बोलण्याची पाळी आली तेव्हा चष्मा पुसून त्यांनी सांगितले की, हा सरळसरळ वतनाचा कज्जा आहे. डोंगराखालचे राज्य बुटक्यांचे वडिलोपार्जित. स्मॉग नावाच्या ड्रॅगनने ते बळाने बळकावले आणि खजिन्यावर दीर्घकाळ कबजा ठेवला. मूळ राजाचा नातू थोरिन हा वारस म्हणून बारा सोबती घेऊन निघाला आणि कामगिरीसाठी बिल्बो या चौदाव्या इसमाला त्याने लेखी करारावर नेमले, ज्यात नफा झालाच तर त्याचा जास्तीत जास्त चौदावा हिस्सा देण्याचे कबूल केले होते. "सर," तात्या मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाले, "ड्रॅगन असतो की नसतो, हा मुद्दा या कज्ज्यात उपस्थितच होत नाही. तो कबजेदार आहे, एवढे पुरे."

नंतर जे झाले ते मी वीस वर्षांच्या साहित्यिक बैठकांत क्वचितच पाहिले आहे. वकील सरसावून बसले. ड्रॅगन मेल्यावर त्याला मारणारा बार्ड जो दावा सांगतो, त्यात आपल्या पूर्वजांचे लुटलेले धन या राशीत मिसळले आहे हा एक आधार, आणि ड्रॅगनने जाळलेल्या सरोवरावरच्या नगराची नुकसानभरपाई हा दुसरा. पैकी पहिला टिकतो, पण दुसरा थोरिनवर बसत नाही, कारण आग त्याने लावली नव्हती, असे त्यांनी मांडले. त्यावर बँकेतल्या बाई म्हणाल्या की, निजलेल्या ड्रॅगनला डिवचून जागे करणारे कोण, हेही पाहायला नको का? मग प्रश्न आला तो थोरिनच्या कुलरत्नाचा, आर्केनस्टोनचा. थोरिनने बिल्बोला आपला चौदावा हिस्सा स्वतः निवडण्याची मुभा दिली होती. बिल्बोने सापडलेले ते रत्न गुपचूप खिशात घातले. पुढे थोरिनने ते रत्न वाटणीतून वगळल्याचे जाहीर केले. आणि अखेर बिल्बोने ते वेढा घालून बसलेल्या शत्रुपक्षाच्या हवाली केले, ते तह घडावा म्हणून. तात्यांचे म्हणणे असे पडले की, निवडीचा अधिकार आधी दिला आणि शर्त नंतर घातली, तेव्हा ती शर्त मागल्या तारखेने लागू होत नाही. यावर ज्यांनी तो पासष्टीचा सवाल टाकला होता तेच मुख्याध्यापक ताडकन उठले आणि वडिलोपार्जित चीज ही वाटणीतली रक्कम नव्हे, बिल्बोने ती खिशात लपविली याचाच अर्थ त्याचे मन त्याला खात होते, असे आवेशाने सांगू लागले. चहा निवून गेला. ज्या गृहस्थांना पुस्तक सुचविले गेले तेव्हा बुटक्यांविषयी मत असणे लाजिरवाणे वाटत होते, ते आता बुटक्यांचे वकीलपत्र घेऊन उभे होते, आणि ही गोष्ट त्यांच्या स्वतःच्या ध्यानातही आली नव्हती.

मराठेशाहीत वतनाचा तंटा लागला म्हणजे गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार असे सारे त्या मुलखातले लोक एकत्र येत, साक्षीपुरावे ऐकत, आणि जो निर्णय ठरे त्याच्या महजरावर पाटलाचा नांगर आणि ज्याच्या त्याच्या व्यवसायाची निशाणी उमटे. गोताचे बळ मुलखाची वहिवाट ठाऊक असण्यात होते. अद्भुत कादंबरीचा निवाडाही त्या मुलखाच्या वहिवाटीनेच करावा लागतो, हे माझे म्हणणे आहे. ग्रंथकर्त्याने आपल्या जगाचा जो कायदा पहिल्या चार प्रकरणांत घालून दिला तो त्याने शेवटपर्यंत पाळला की नाही, एवढे पाहण्याचा अखत्यार वाचकाला आहे. आपल्या तालुक्याचा कायदा तिथे लावण्याचा नाही. हा निवाडा काही सौम्य नसतो. त्याच बैठकीत, जिने पुस्तक सुचविले होते त्या मुलीनेच त्यावरचा सर्वांत कठोर आक्षेप घेतला: नायक जिवावरच्या संकटात सापडला की महाकाय गरुड आकाशातून उतरतात, आणि हे एकदा नव्हे, दोनदा होते, ज्या जगात प्रत्येक वस्तूची किंमत मोजावी लागते त्या जगात ही फुकटची सुटका कशी? आमच्या कीर्तनांतून आणि जुन्या नाटकांतून आयत्या वेळी होणाऱ्या आकाशवाणीवर वाढलेल्या आम्हा म्हाताऱ्यांना ही खोड जाणवलीच नव्हती.

खुद्द टॉल्किनांचे ग्रंथ ज्या बैठकीत तावूनसुलाखून निघाले, तिचीही हकीगत मोठी बोधक आहे. ऑक्सफर्डच्या मॉडलिन महाविद्यालयात सी. एस. लुईस यांच्या खोल्यांत दर गुरुवारी रात्री 'इंक्लिंग्ज' नावाची मित्रमंडळी जमत असे. नियम नाहीत, पदाधिकारी नाहीत, कार्यक्रमपत्रिका नाही. चहा होई, चिलमींचा धूर कोंदे, आणि ज्याने काही लिहिले असेल तो ते वाचून दाखवी. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची प्रकरणे एकामागून एक इथे वर्षानुवर्षे वाचली गेली. ऐकणाऱ्यांत ह्यूगो डायसन यांच्यासारखे विद्वान होते, ज्यांना त्या एल्फांचा मनस्वी कंटाळा येई, आणि शेवटी शेवटी तर त्यांच्या उपस्थितीत ते वाचन होईनासेच झाले. हा मताचा पहिला प्रकार, उंबऱ्यावरचा. लुईस मात्र ऐकत राहिले, आणखी मागत राहिले. त्यांचे प्रोत्साहन नसते तर ग्रंथ पुरा झालाच नसता, असे टॉल्किनांनी पुढे मोकळेपणाने कबूल केले आहे. तो ग्रंथ १९५४-५५ मध्ये तीन खंडांत बाहेर पडला आणि १९५६ साली एडमंड विल्सन यांच्यासारख्या नामांकित अमेरिकन समीक्षकाने 'द नेशन'मधून त्याला पोरकट ठरविले, तेव्हा डायसन यांना एक तोलामोलाचा साथीदार मिळाला, एवढेच म्हणता येईल.

यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो उलट दिशेचा प्रसंग. लुईस यांनी जेव्हा नार्नियाची पहिली कथा लिहून आपल्या या जिवलग मित्राला ऐकविली, तेव्हा टॉल्किनांना ती मुळीच रुचली नाही. बोलते प्राणी किंवा जादूगारीण यांना त्यांचा विरोध असणे शक्यच नव्हते. रोमन पुराणांतले अजपाद फॉन आणि नाताळचा म्हातारा बाबा एकाच बर्फात वावरताना दिसले, ही सरमिसळ त्यांना खपली नाही. ज्या माणसाने आपल्या कल्पित लोकांसाठी आधी भाषा रचल्या, वंशावळी मांडल्या, नकाशे काढले आणि चंद्राच्या कलांचा मेळ घातला, त्याच्या दृष्टीने ही दप्तरातली अफरातफर होती. हे मत निष्ठुर होते, कदाचित अन्यायाचेही असेल (नार्नियाने त्यानंतर तीन पिढ्यांच्या मुलांना जे दिले ते पाहता, असेलच). पण ते मुलखाच्या आत उभे राहून दिलेले होते.

आणि मुलखाच्या आतले म्हणून जे एक मत 'हॉबिट'ला लाभले, ते तर एका दहा वर्षांच्या मुलाचे. प्रकाशक स्टॅन्ली अनविन यांनी हस्तलिखित आपल्या मुलाला, रेनरला, वाचायला दिले आणि लेखी अभिप्रायाबद्दल त्याला एक शिलिंग मेहनताना दिला. पोराने कथानक चार ओळींत सांगितले, नकाशे असले तर चित्रांची गरज नाही असा शेरा मारला आणि पाच ते नऊ वर्षांच्या सर्व मुलांना हे आवडेल अशी शिफारस केली. स्वतः दहाव्या वर्षी ते आवडीने वाचून झाल्यावर नऊ वर्षांची हद्द घालणारा हा समीक्षक आणि आमच्या मंडळातले ज्येष्ठ यांच्यात मला फारसे अंतर दिसत नाही. फरक इतकाच की, रेनरने मत देण्यापूर्वी पुस्तक पुरे वाचले होते.

आपल्याकडच्या वाचकाला या प्रकाराचा संकोच वाटावा, हे तर अधिकच नवलाचे. इंग्रजांची 'नॉव्हेल' आपल्या दारी आली तेव्हा तिला आपण नाव दिले ते सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या ग्रंथाचे, आणि त्या 'कादंबरी'त शूद्रक राजाच्या दरबारी आणलेला एक पोपट जन्मजन्मांतरीचे प्रेम आणि शापांची साखळी उलगडून सांगतो. म्हणजे आपण ज्या शब्दाने कोणत्याही वास्तववादी कथेला ओळखतो, तो शब्दच मुळात एका अद्भुत ग्रंथाचे विशेषनाम आहे. भरताने आठ रसांत अद्भुताला जागा दिली, विस्मय हा त्याचा स्थायीभाव सांगितला. आणि 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाने तर आपल्या नारायण नावाच्या पूर्वजाचे असे मत नोंदविले आहे की, रसाचे सार चमत्कार हेच असल्यामुळे सर्वत्र एक अद्भुतच नांदतो. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिलेल्या आणि विष्णुशास्त्र्यांनी पुऱ्या केलेल्या अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी महाराष्ट्राने हौसेने वाचल्या. मग हरिभाऊ आपट्यांनी आपल्याला आपल्याच माजघरातले दुःख दाखविले, ते दाखविणे अत्यंत आवश्यक होते, आणि तेव्हापासून कल्पिताकडे पाहताना आपल्या कपाळावर जी आठी चढली ती काही उतरलेली नाही.

अद्भुतावर दिलेल्या वाईट मताची सर्वांत जुनी फिर्याद आमच्याच पैठणची आहे. अकराव्या शतकातल्या सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त ती सांगितली आहे. प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाचा गुणाढ्य नावाचा मंत्री एका पैजेत हरला आणि पणाप्रमाणे त्याने संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा सोडल्या. विंध्याच्या अरण्यात पैशाची भाषेत, शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने, सात वर्षांत सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा त्याने लिहिली आणि शिष्यांकरवी राजाकडे पाठविली. राजाने ती झिडकारली, आणि जी कारणे दिली ती ध्यानात घेण्यासारखी आहेत: ग्रंथ फार मोठा, भाषा पैशाची, शाई रक्ताची. तिन्ही कारणे कथेच्या बाहेरची. कथेविषयी राजाने चकार शब्द काढला नाही. तेव्हा गुणाढ्याने डोंगरावर अग्निकुंड पेटविले आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून आगीत टाकू लागला. हरणे, डुकरे, रेडे चरायचे सोडून भोवती वर्तुळ करून, डोळ्यांतून आसवे गाळीत ऐकत राहिली. राजवाड्यातल्या मुदपाकखान्यात येणारे मांस इतके शुष्क होत गेले की राजा आजारी पडला, चौकशी झाली, आणि तो स्वतः धावत गेला तेव्हा सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. उरला एक लक्ष, शिष्यांना विशेष प्रिय म्हणून राखून ठेवलेला नरवाहनदत्ताच्या कथेचा भाग. हकीगत दंतकथेची आहे हे खरे. पण गावोगावच्या वाचकमंडळांना माझी विनंती आहे की त्यांनी वर्षातून निदान एक बैठक अशा ग्रंथासाठी राखावी, आणि मत देण्यापूर्वी पान उलटावे.

आमच्या मंडळाने पुढल्या तीन बैठकांसाठी बाणभट्टाची 'कादंबरी' मराठी भाषांतरातून घेतली आहे. पत्करलेले काम वेळेवर पुरे करण्याची सवय असलेल्या तात्यांनी कोणी कोणाला कधी शाप दिला, त्याची मुदत किती आणि ती कोणत्या जन्मी संपते, याचा तक्ता आतापासूनच मांडायला घेतला आहे.