भुंगा अपराधी कीं घरधनी ?

भुंग्याची आणि मराठी वाचकाची ओळख फार जुनी आहे. कोरडें, कठीण लांकूड लीलेनें कोरणारा भ्रमर कमळाच्या कोंवळ्या कळींत मात्र अडकून पडतो, हा दृष्टांत ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायांत आला आहे. ग्रंथांतला हा भ्रमर आपणांस गोड वाटतो. परंतु तोच आपल्या पडवीच्या तुळईंत शिरला म्हणजे सारी रसिकता मावळते आणि हातीं झाडू येतो! अशा प्रसंगीं सुज्ञ मनुष्यानें काय करावें, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें येथें योजिलें आहे.

आमच्या कोंकणांतील घरीं हा प्रसंग माझ्या लहानपणीं दर उन्हाळ्यास येई. पडवीची तुळई व तिच्यावर टेकलेले वासे यांस गिरमिटानें पाडावीं तशीं वाटोळीं, सुमारें अर्धा इंच रुंदीचीं भोंकें पडत. खालच्या सारवलेल्या जमिनीवर पिवळसर भुशाची लहानशी रास जमे. वडील संतापत, आई काळजी करी, आणि भुंगे मारण्याच्या कामीं माझी व माझ्या धाकट्या भावाची नेमणूक होई. एके दुपारीं मीं फळीच्या फटक्यांनीं सात भुंगे पाडले व ते ओळीनें मांडून मोठ्या ऐटीनें आजीस दाखविले. आजी म्हणाली, “मारलेस खरे, पण भोंकें बुजलीं का रे?” या प्रश्नाचें उत्तर माझ्यापाशीं नव्हतें.

पुढें दोन वर्षांनीं तुळईचें एक टोंक खचूं लागलें व ती बदलण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. वृद्ध सुतारानें ती खालीं उतरवून चिरली, तेव्हां जें दिसलें तें मी अद्याप विसरलों नाहीं. भोंक प्रथम बोटाच्या पेराइतकें सरळ आंत जाऊन काटकोनांत वळलें होतें, आणि लांकडाच्या रेषेरेषेनें वीतभर बोगदा पुढें गेला होता. त्यांत भुशाच्या पातळ पडद्यांनीं ओळीनें खोल्या केलेल्या. प्रत्येक खोलींत परागाचा एक पिवळा गोळा, आणि गोळ्याला बिलगलेली एक पांढरी अळी! सुतार वडिलांस म्हणाला, “भाऊ, हीं भोंकें आहेत इथें मध्यावर. तुळई खचली ती त्या टोंकाशीं, जिथें कौल फुटून पाणी मुरत होतें. भुंगा आला तो मागाहून. लांकडाला रंगाचा हात दिल्याला किती वर्षें झालीं ?” वडील कांहीं बोलले नाहींत. सात भुंगे मारणारा मीही बोललों नाहीं.

या प्राण्यास शास्त्रज्ञ झायलोकोपा म्हणतात. त्या ग्रीक शब्दाचा अर्थच लांकूडतोड्या असा आहे. तो मधमाशीच्याच कुळांतला होय. वाळवी लांकूड खाते. भुंगा तें खात नाहीं. मादी आपल्या जबड्यांनीं तें कोरते, भुसा बाहेर टाकते आणि पिलांसाठीं घर करते. तिचा आहार फुलांतील मध व पराग हाच. आपल्या तोंडासमोर येऊन घोंघावणारा व आपणांस घाबरविणारा बहुधा नर असतो, आणि नराला नांगीच नसते. मादीला ती असते, परंतु हातांत धरून दाबल्याखेरीज ती सहसा डंख करीत नाहीं. माझ्या त्या सात शत्रूंपैकीं कित्येक असे निःशस्त्र पहारेकरी असतील, हें मला पुष्कळ वर्षांनीं उमगलें.

तथापि भुंग्यापासून नुकसान मुळींच होत नाहीं, असें म्हणणें सत्यास सोडून होईल. एका वर्षाच्या एका भोंकानें घर पडत नाहीं हें खरें. परंतु पुढील पिढी जुन्याच बोगद्यांत परतते, ते लांबविते, त्यांना फांटे फोडते. त्यांतून पाणी शिरतें आणि लांकूड कुजूं लागतें. तेव्हां भूतदयेच्या नांवाखालीं घर पोखरूं द्यावें, असा माझा आग्रह नाहीं. घर राखणें हें घरधन्याचें कर्तव्यच आहे. वाद आहे तो मार्गाविषयीं.

कारण मारून संपविण्यासारखा हा प्राणी नव्हे. वांग्याच्या फुलांतील पराग अशा नळीवजा कोशांत असतो कीं, त्याच्या टोंकास केवळ बारीक छिद्रें असतात. भुंगा फुलास धरून आपलें अंग थरथरवितो, तेव्हां तो पराग खालीं झडतो. मधमाशीला हें साधत नाहीं. तागाच्या व रुईच्या फुलांनाही भुंग्याचें मोठें साह्य होतें. आणखी एक नवल पुणें जिल्ह्यांतील भीमाशंकरच्या अरण्यांतलें. तेथें वारस नांवाच्या वृक्षाचीं पांढरीं फुलें रात्रीं उमलतात. त्यांच्याकडे रात्रीं भुंगे येतात व त्यांच्यामुळें फळें धरतात, असें हेमा सोमनाथन व रेनी बॉर्जेस या विदुषींनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधांत दाखविलें आहे. दुसऱ्या एका जातीच्या भुंग्याला तर अंधाऱ्या रात्रींही रंग ओळखतां येतात, असें पुढें आढळून आलें. ज्याला आपण दिवसा फळीनें बडवितों, तो रात्रीं अरण्याची अशी सेवा करीत असतो !

मग उपाय कोणता ? तोच, जो आजीनें व सुतारानें सुचविला होता. भुंगा बहुधा उघडें, कोरडें, रंग उडालेलें लांकूड निवडतो. तेलरंगाचे दोन हात दिलेलें लांकूड तो सहसा टाळतो. म्हणून दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळावीं, वासे व तुळया तपासाव्या आणि रंग उडाला असेल तेथें पुन्हां द्यावा. भोंकें बुजविण्यापूर्वीं कांहीं दिवस पाळत ठेवून ये-जा थांबल्याची खात्री करावी. आंत जीव असतां तोंड बंद केल्यास तो दुसरीकडून वाट कोरील आणि एकाचीं दोन भोंकें होतील. ये-जा थांबल्यावर लांकडाची खुंटी ठोकावी, वर लांबी भरावी आणि रंग द्यावा. परसांतील कुंपणाशीं वाळक्या बांबूचे चार तुकडे व एखादा सुकलेला ओंडका राहूं द्यावा, म्हणजे त्या बापड्यालाही आपला संसार थाटावयास जागा मिळेल. भोंकांत रॉकेल ओतून काडी लावण्याचें धाडस मात्र कोणीं करूं नये. त्यांत भुंग्याआधीं घर जळावयाचें!

रंगास पैसे लागतात, अशी अडचण कित्येक पालक सांगतील, आणि ती खोटी नाहीं. परंतु नवी तुळई त्याहून महाग पडते, हें आमच्या घरानें अनुभवलें आहे.

विद्यार्थिमित्रहो, शत्रू मारल्याचा आनंद लवकर मिळतो. स्वतःची हयगय शोधण्याचें काम कंटाळवाणें असतें. म्हणूनच आपण पहिलें आवडीनें करतों व दुसरें पुढें ढकलतों. यंदाच्या सुटींत घरीं जाल तेव्हां वाशांकडे एकदां मान वर करून पाहा. भोंक दिसलें तर फळी शोधूं नका. शिडी आणा, रंगाचा डबा आणा, आणि वडिलांच्या बरोबरीनें कामास लागा.