ओलाफचं काय करायचं?

हल्ली मुलांसाठीच्या गेमच्या जाहिरातीत "टीमवर्क शिकवतो" हे वाक्य हमखास असतं. भारतातल्या मित्रांचे मेलही त्याच छापाचे. "तू फिनलंडमध्ये असतोस, तिथे एवढे गेम बनतात, तर मुलाला संघभावना शिकवेल असा एखादा सुचव ना." मंडळी, माझं मत सरळ सांगतो. पडद्यावर तीन पात्रं उभी केली म्हणून संघभावना येत नाही. लेव्हल कधी संपते याची अट काय आहे, त्यावर ते ठरतं. बाकी सगळी सजावट.

उदाहरण म्हणून 'द लॉस्ट व्हायकिंग्ज' घ्या. पुढे ब्लिझर्ड म्हणून गाजलेल्या कंपनीने, तिचं नाव सिलिकॉन अँड सिनॅप्स होतं तेव्हा, १९९३ च्या सुमारास हा गेम काढला. परग्रहवासीयांनी पळवलेले तीन व्हायकिंग घरी परतायची धडपड करतात. एरिक पळतो, उड्या मारतो, डोक्याने भिंती फोडतो. बेलिऑगकडे तलवार आणि धनुष्य. लांबचं बटण बाणाने दाबायचं तर तोच हवा. आणि तिसरा ओलाफ. जाडा, संथ, उडी मारताच येत नाही. त्याच्याकडे फक्त एक ढाल. ती समोर धरली की मागचे दोघे सुरक्षित. डोक्यावर धरली की तो हवेत तरंगत खाली उतरतो, आणि एरिक त्या ढालीवर उभा राहून उंच उडी मारू शकतो.

तुम्ही एका वेळी एकालाच चालवता. बाकीचे दोघे जिथे सोडलेत तिथेच उभे राहतात. आणि नियम असा: तिघेही जिवंत बाहेर पडण्याच्या जागी पोचल्याशिवाय लेव्हल संपत नाही. एक मेला तर पुन्हा पहिल्यापासून.

या गेमची कल्पना ज्या 'लेमिंग्ज'वरून सुचली, त्या १९९१ च्या गेममध्ये ठरावीक टक्के लेमिंग वाचवले की काम झालं. उरलेल्यांचा बळी दिला तरी चालतं, कधीकधी द्यावाच लागतो! व्हायकिंग्जमध्ये टक्केवारी नाही. एरिक दोन मिनिटांत टोकाला पोचू शकतो, पण त्याचा उपयोग शून्य. खरं कोडं तिथून सुरू होतं: उडी न येणारा ओलाफ या खड्ड्यापलीकडे कसा जाणार? म्हणजे सगळ्यात मागे असलेल्याच्या जागी उभं राहून विचार करावा लागतो. दया म्हणून नव्हे, त्याशिवाय जिंकताच येत नाही म्हणून. शिवाय दोन पायऱ्यांनंतर कळतं की ओलाफच्या ढालीशिवाय एरिकही पुढे सरकत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की हे कंटाळवाणं आहे. एकाच वाटेने तीनदा चालायचं, आणि शेवटच्या वळणावर एकजण पडला की सगळं मुसळ केरात. खरं आहे. म्हणूनच पुढच्या लोकांनी तो 'जाच' काढून टाकला. २००९ साली हेलसिंकीच्या फ्रोझनबाइटने 'ट्राइन' आणला. जादूगार, चोर आणि सरदार असे तिघे, पण एकट्याने खेळताना पडद्यावर एका वेळी एकच दिसतो. बटण दाबलं की त्याच जागी दुसरा हजर. एकजण मेला तरी उरलेले पुढे जातात आणि पुढच्या टप्प्यावर तो पुन्हा जिवंत होतो.

दिसायला ट्राइन अप्रतिम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण झालं काय? तीन माणसांची तीन अवजारं झाली, स्विस चाकूच्या पात्यांसारखी. कोणी मागे राहत नाही, कारण मागे राहायला वेगळा कोणी नाहीच. त्यात जादूगाराने खोके रचले की कितीतरी अडथळे तो एकटाच पार करतो. मग सरदाराची आठवण फक्त मारामारीपुरती. तिघे मित्र मिळून खेळले की तीन खरी माणसं पडद्यावर येतात आणि मजा परतते, हे मान्य. पण २०११ च्या ट्राइन २ मध्ये सगळ्यांनी एकच पात्र घ्यायचीही सोय झाली. तीन जादूगार! मग वेगळेपणा उरला कुठे?

"अरे, गेमच तर आहे" असं म्हणाल. पण आपल्याकडे शाळेच्या भिंतीवर "एकी हेच बळ" लिहिलेलं असतं, आणि बाहेर चौकात क्लासच्या फलकावर पहिल्या आलेल्यांचे फोटो. मुलं भिंत वाचत नाहीत, ती अट वाचतात. अट 'पहिला पोचलास की जिंकलास' अशी असेल, तर ओलाफ हे ओझंच वाटणार. फिनलंडच्या शाळांचं गुपित मला नेहमी विचारलं जातं. गुपित वगैरे नाही, आणि पिसा चाचणीतले इथले गुणही २००६ नंतर घसरलेच आहेत. पण बारावीअखेरच्या परीक्षेसारखी एक परीक्षा सोडली तर देशभर सर्वांची सक्तीची परीक्षा नाही, आणि मागे पडणाऱ्या मुलाला लवकर मदत देणं हे शाळेचंच काम मानतात. तीही एक अटच आहे, भाषण नव्हे. संशोधनाच्या कामातही मी हेच बघतो: जे अटीत लिहिलेलं नाही ते डिझाइनमध्ये आपोआप येत नाही, कितीही चांगले लोक कामाला लावा.

असो. व्हायकिंग्ज २०२१ मध्ये ब्लिझर्डच्या जुन्या गेमच्या संग्रहात पुन्हा आला आहे. मुलाला द्या, आणि ओलाफ खड्ड्याच्या अलीकडे अडकला की उत्तर सांगू नका. चिडू दे त्याला. आणि यापुढे कोणी "टीमवर्क शिकवतो" म्हणत काही विकायला आलं, मग तो गेम असो, क्लास असो की शाळा, तर एवढंच विचारा: आमच्यातला एक मागे राहिला तर तुमची लेव्हल संपते का? "हो" म्हणाला, तर पैसे खिशातच ठेवा.