भोकं पाडणं म्हणजे बांधणी नव्हे

तर मंडळी, गेले पंधरा दिवस आमच्या घरात एकच विषय चालू आहे. बाइंडिंग मशीन घ्यायचं की नाही?

झालंय असं की आमच्या सावलीच्या बचत गटाला दिवाळीपर्यंत हाताने केलेल्या वह्या आणि डायऱ्या विकायला काढायच्या आहेत. कल्पना उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पुण्याच्या भाचीने लगेच तीन व्हिडिओ पाठवले आणि खाली लिहिलं, "मावशी, हे मशीन घेऊनच टाक." जाऊबाई तर मनाने कधीच मशीनच्या मालकीण झाल्या आहेत. विरोधात मी एकटी. तोंडी वाद घालायला बसलं की मध्येच दूध उतू जातं आणि मुद्दा राहतो, म्हणून सगळं एकदा लिहूनच काढते. :-)

माझं म्हणणं थोडक्यात असं: घेऊ नका. का, ते आता विस्ताराने.

आधी हे मशीन नेमकं करतं काय ते बघू. कागदाची थप्पी आत सरकवायची, दांडा खाली दाबायचा, की कागदाच्या कडेला एका रांगेत भोकं पडतात. प्लास्टिकच्या कंगव्यासारखी कडी घालायची असेल तर ए-फोरच्या लांब बाजूला २१ भोकं. तारेची दुहेरी कडी घालायची असेल तर इंचाला तीन या हिशेबाने ३४. एका वेळी दहा-पंधरा कागद, त्याहून जास्त नाही. मग त्या भोकांत कडी ओवायची. संपलं! म्हणजे हे बांधणीचं नाही, भोकं पाडायचं मशीन आहे. कागद सारखे कापणं, पुठ्ठा चढवणं, कापड चिकटवणं, दाब देऊन वही सरळ करणं, ही सगळी जिकिरीची कामं तुमच्याच गळ्यात राहतात. वहीतलं सगळ्यात सोपं काम करण्यासाठी आपण सगळ्यात जास्त पैसे मोजणार आहोत.

आता हिशेब. समजा मशीन पाच हजारांना पडलं. झेरॉक्सवाला एका वहीला स्पायरल लावायचे चाळीस रुपये घेतो आणि घरी केलं तर कडीचे दहा रुपये लागतात असं धरू. वहीमागे तीस रुपये वाचले. म्हणजे १६७ वह्या झाल्यावर मशीनचे पैसे फिटणार, तेही एकही कागद वाया गेला नाही तर. आमच्या गटात दहा बायका आहेत, प्रत्येकीचे महिन्याला शंभर रुपये. पाच हजार म्हणजे दहा जणींची पाच महिन्यांची बचत. त्यातल्या दोघींच्या मुलांची फी याच पैशातून उचल घेऊन भरली जाते. "पाच हजार तर आहेत" असं पुण्यात बसून म्हणायला सोपं आहे, भाचीबाई.

आणि खर्च तिथे थांबत नाही. कंगव्याच्या मशीनला तारेची कडी चालत नाही. इंचाला तीन भोकांच्या कड्या साधारण चौदा मिलिमीटर जाडीपर्यंतच मिळतात. त्याहून जाड वही करायची तर इंचाला दोन भोकांचं दुसरं मशीन. म्हणजे मशीन घेतलं की त्या मापाच्या कड्या जन्मभर बाहेरून मागवत राहायच्या. पार्सल आलं नाही की काम ठप्प. गरम डिंकाने कणा चिकटवणारी मशीनंही असतात, पण त्यांना वीज लागते आणि वही पूर्ण उघडून दाबली की कणा तडकतो, पानं सुटी होतात.

कोणी म्हणेल, ही बाई यंत्राच्याच विरोधात दिसते. गांधीजींचं गाव ना शेवटी! हो, आहेच. १९३६ साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन आमच्या सावलीत भरलं होतं आणि गांधीजी इथे आले होते. खादीच्या कामामुळे गावाचं नाव होतं. पण गांधीजी सरसकट यंत्राच्या विरोधात होते हे ऐकीव ज्ञान झालं. १९२४ साली बोलता बोलता त्यांनी शिलाई मशीनला चक्क अपवाद ठरवलं होतं. आणि १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. त्या काळचे एक लाख!

त्या बक्षिसाच्या अटी मला फार आवडतात. चरखा हलका हवा, खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालवता आला पाहिजे. आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघालं पाहिजे. किंमत दीडशे रुपयांच्या आत. वीस वर्षं टिकला पाहिजे आणि वर्षाची देखभाल किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको. वेग हवाच होता त्यांना. पण वेगासाठी कातणारी बाई दुसऱ्या कोणाच्या दाराशी बांधली जाऊ नये, ही काळजीही होती. बक्षीस शेवटी कोणालाच मिळालं नाही ते सोडा. मोजपट्टी मात्र आजही चालते.

आता तीच मोजपट्टी आपल्या मशीनला लावा. हाताने चालतं? चालतं, पूर्ण गुण. कामाचा जड भाग उचलतं? नाही, हलका भाग उचलतं. दाते बोथट झाले तर गावात दुरुस्त होईल? आमच्या बाजारात सायकल दुरुस्त होते, मिक्सर होतो, हे कोण करणार? लागणारा माल इथला? कागदाचं सोडाच, वर्षानुवर्षं चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू बल्लारपूरच्या कारखान्यात जाऊन त्याचा कागद झाला. कापड घरात आहे. बाहेरून आणावी लागते ती फक्त कडी, आणि मशीन नेमकं तिच्यावरच अडून बसतं.

मग करायचं कसं? जसं आपल्या आया करायच्या तसं. आठवतंय ना, मे महिन्यात मागच्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं फाडून, पाठकोरे कागद गोळा करून, दाभण आणि सुतळीने शिवलेली रफ वही? तिच्यात फक्त थोडी सफाई आणायची आहे.

पाचशे कागदांचं एक रीम घ्या. आठ कागद एकत्र मधून दुमडले की एक जुडी होते, तिची सोळा पानं. अशा सहा जुड्या म्हणजे एक वही, १९२ पृष्ठांची. कागद लागले ४८. पुढच्या-मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवायला आणखी दोन. एका वहीला पन्नास, एका रीमच्या बरोब्बर दहा वह्या. दहा बायका, दहा वह्या! घडी दाबायला बुरडाकडून बांबूची गुळगुळीत पट्टी तासून घ्या. दोरा जाड सुती, मेणबत्तीवर ओढून घेतलेला. जुड्या घडीतून शिवत एकमेकींत अडकवत जायच्या. पुठ्ठ्याला मैद्याची खळ. कसर लागू नये म्हणून जुने बाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, पण तो विषारी असतो, तेव्हा भांडं वेगळं ठेवा आणि पोरांना दूर. वर दोन फळ्या, फळ्यांवर पाटा, रात्रभर. कडा कापायला मात्र सगळ्या वह्या एकदम छापखान्यात न्या. तिथल्या कटिंग मशीनची सर घरातल्या कटरला यायची नाही, हे मी आनंदाने मान्य करते. यंत्र हवं तर असं हवं, जे आपल्याला खरंच जमत नाही ते करणारं.

जाऊबाईंचे आक्षेपही इथेच घेऊन टाकते, म्हणजे रात्रीच्या जेवणाला शांतता.

"स्पायरलची वही सपाट उघडते." खरं आहे. घडीतून शिवलेली वहीही सपाट उघडते. दुकानातल्या लाल चोपड्या बघा, मध्ये दोरा घातलेल्या, वर्षभर उघड्या पडलेल्या असतात.

"वेळ किती लागतो!" पहिल्या वहीला तास-दीड तास. हात बसला की शिवण अर्ध्या तासात होते. आणि शिवताना गप्पा मारता येतात, हा फायदा कोणी हिशेबात धरत नाही.

"ज्यांना सुईत दोरा ओवता येत नाही त्यांचं काय?" हा एकच आक्षेप मला वजनदार वाटतो. आमच्यातल्या दोघींची नजर अधू झाली आहे, एकीची बोटं आखडतात. पण दांडा दाबायलाही मनगटात जोर लागतो. त्यांनी घड्या घालाव्यात, खळ लावावी, कापड निवडावं. दहा जणींत काम वाटलं तर कोणी बाहेर राहत नाही. मशीन मात्र एका वेळी एकीलाच लागतं आणि बाकीच्या नऊ जणी तिच्याकडे बघत बसतात.

मशीन कोणी घ्यावं, तेही सांगते. ज्यांची शिकवणी आहे, दर महिन्याला शंभर-दोनशे प्रश्नसंच बांधायचे आहेत, त्यांनी जरूर घ्यावं. झेरॉक्सवाल्याने घ्यावं. तिथे वही टिकण्याशी मतलब नसतो, काम उरकण्याशी असतो आणि त्यात काही कमीपणा नाही.

पण आपण विकणार आहोत ते काय? कडी लावलेली वही तर कोणत्याही दुकानात कारखान्याची मिळते, आपल्यापेक्षा स्वस्त आणि आपल्यापेक्षा देखणी. तिच्याशी बरोबरी करायला गेलो तर आपण हरलोच. गिऱ्हाईक आपल्याकडे येईल ते दोऱ्यासाठी, जुन्या लुगड्याच्या कापडासाठी, दहा वर्षांनी उघडली तरी पान सुटणार नाही या भरवशासाठी. नेमकं तेच काढून टाकायला पाच महिन्यांची बचत घालायची?

गटाच्या बैठकीत मी एवढंच सुचवणार आहे. पाच हजारांतून एक रीम, दोन पत्रे पुठ्ठा, दोन दाभणं, दोऱ्याची रिळं आणि फळ्या आवळायला लोखंडी क्लॅम्प घेऊ. उरलेले पैसे गटातच राहू देत, फीच्या वेळी लागतील. पहिल्या दहा वह्या विकून बघू. मग हवं तर पुन्हा भांडू.

नागपूर-पुण्याच्या मंडळींनी जुनी सुती लुगडी आणि पाठकोरे कागद टाकून देऊ नयेत, येताना घेऊन यावेत. भाचीबाई, तुझी डायरी मी स्वतः शिवणार आहे. रंग कळव.

असो. दूध तापत ठेवलंय.