‘मामा, गडाची वाट कुठनं?’

शनिवारी सकाळी पाचनईत नाहीतर बारीत जीप येऊन थांबते. सात-आठ पोरंपोरी खाली उतरतात. पाठीवर पिशव्या, पायात भारी बूट. समोर दिसेल त्याला विचारतात, ‘मामा, वाट कुठनं?’ मामा बैलांना पाणी दाखवता दाखवता हात वर करतात, ‘ही काय, सरळ जा.’ पोरं सरळ जातात. मंडळी, आज बोलायचं आहे ते या ‘सरळ’विषयी.

तुमचं आयुष्य त्या डोंगरावर गेलं, म्हणून तुम्हाला ती वाट सरळ. त्यांना नाही. गावाबाहेर पडलं की गडाच्या वाटेला दहा ढोरवाटा फुटतात आणि पावसाळ्यात गुरांच्या खुरांनी त्याच जास्त मळलेल्या दिसतात. शहरातला पोरगा मळलेली वाट धरणार. ती कारवीत शिरते आणि तिथंच जिरते. वर धुकं उतरलं की दहा हातांवरचा दोस्त दिसत नाही. मोबाईलमधल्या नकाशावर भरवसा ठेवावा, तर तो कुणी डिसेंबरात चालून केलेला असतो आणि डिसेंबरातली कोरडी नाळ जुलैत धबधबा झालेली असते.

वाट चुकली की पोरं ओढा धरून खाली उतरू लागतात. पाणी गावाकडंच जातं, असं त्यांनी कुठंतरी वाचलेलं असतं. दुसऱ्या मुलखात ते खरं असेल, सह्याद्रीत ते जीवावर बेततं. आपला डोंगर लाव्हारसाच्या आडव्या थरांचा, एकावर एक भाकरी रचावी तसा. प्रत्येक कठीण थराच्या कडेला उभा कातळ तुटलेला. ओढा तिथून सरळ खाली उडी घेतो. माणूस पहिला टप्पा घसरत उतरतो, दुसऱ्याशी अडकतो. आता खाली जाता येत नाही आणि शेवाळलेल्या दगडावरून वरही चढता येत नाही. ही गोष्ट गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. मग वर जाणाऱ्याला ती कुणी सांगायची?

हरिश्चंद्रगड १४२४ मीटर, कळसूबाई १६४६ मीटर. हिमालयापुढं हे आकडे किरकोळ. पण ऑगस्ट २०२३ मध्ये याच हरिश्चंद्रगडावर दोस्तांची एक टोळी पावसात वाट चुकली आणि त्यातल्या एकाने गारठून जीव सोडला. बर्फ नाही, हिमवादळ नाही. भिजलेले कपडे, वारा आणि रात्र, एवढं पुरे झालं.

असं काही झालं की धावतं कोण? ११२ ला फोन लागला तरी शेवटी हाक येते ती पायथ्याच्या गावालाच. जुलै म्हणजे ऐन आवणीचे दिवस. दिवसभर चिखलात वाकलेला गडी रात्री बॅटरी, दोर नि इरलं घेऊन निघतो आणि उजाडता उजाडता कुणाला तरी पाठुंगळी घेऊन उतरतो. त्याची मजुरी बुडते, वर साहेब लोकांना जबाब द्यावा लागतो. माणुसकी म्हणून तो जातो आणि जाईलही. पण गावाच्या माणुसकीवर किती दिवस कारभार चालवायचा?

काहीजण म्हणतील, ही शहरी चैन, आपल्याला काय त्याचं! तर नवरात्रात कळसूबाईच्या शिड्या चढणारी तुमची-आमची माणसं आठवा. डोंगराची ओढ शहरातून आलेली नाही. शिवाय ही पोरं येतात म्हणून पिठलं-भाकरीची ताटं खपतात, ओसरीवर मुक्काम होतात. खडकाळ रानातल्या दोन पोती नागलीपेक्षा हा पैसा कमी नाही. पीक म्हणायचं तर राखणही करायला हवी.

२०२१ साली राज्याने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. सहली काढून पैसे घेणाऱ्यांना नोंदणी आणि सुरक्षिततेचे नियम आले. चांगलं झालं. पण चार दोस्त आपल्याआपण निघाले तर ते कोणत्या नोंदवहीत येणार?

ती वही गावाने ठेवावी. गडाच्या वाटेवरच्या शेवटच्या घरात शंभर पानी वही आणि दोरीला बांधलेलं पेन, बास. नाव, घरचा फोन, किती जण, कोणत्या वाटेने वर आणि कोणत्या वाटेने खाली, परत कधी. संध्याकाळी वही बघायची आणि कोण उतरलं नाही ते पोलीस पाटलांना कळवायचं. हरवलेल्याचा शोध बारा तास आधी सुरू होतो, तो या वहीमुळे. ढोरवाटा फुटतात तिथं दगडावर चुन्याचे बाण मारावेत. हा मुलूख १९८६ पासून अभयारण्यात आहे, तेव्हा आधी वनखात्याला विचारून घ्यावं. दोर, ताडपत्री, घोंगड्या, चार चांगल्या बॅटऱ्या आणि एक स्ट्रेचर ग्रामनिधीतून घेऊन पंचायतीत ठेवायला किती खर्च येतो, ते ग्रामसेवकांनीच (२०२४ पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) हिशेब करून सांगावं.

आणि वाटाड्या. त्याचा दर ग्रामसभेने ठरवून फळ्यावर लिहावा. आज एक पाचशे सांगतो, दुसरा दोनशेत तयार होतो, तिसरा ‘कशाला पैसे घालवता, सोप्पं आहे’ म्हणून पाठवून देतो. हा तिसरा सगळ्यात धोक्याचा. दुपारी चारनंतर कुणी वर निघालं तर सरळ सांगावं, आज राहा, उद्या उजाडल्यावर जा. ऐकणार नाहीत काही. नाव तरी लिहून घ्या.

आपल्याही चुका आहेत. गवत चांगलं फुटतं म्हणून उन्हाळ्यात डोंगराला काडी लावणारे बाहेरून येत नाहीत. त्या वणव्यात वर कुणी मुक्कामाला असेल, हा विचार काडी ओढताना कुणी करतो का? मधाच्या आशेने आग्या मोहोळ छेडून निघून जावं आणि मागून येणाऱ्या पोरांवर माशा तुटून पडाव्यात, हेही शहाणपणाचं नाही.

सरपंचांना एकच विनंती. हा विषय १ मेच्या ग्रामसभेत घ्या. १५ ऑगस्टच्या सभेची वाट पाहिली, तर तोवर आवणी उरकलेली असेल, अर्धा पावसाळा सरलेला असेल आणि वही अजून दुकानातच असेल.