निम्मी वीजक्षमता कोळशाविना, मग कोळसा सुटत का नाही?

जुलै २०२५ मध्ये एक बातमी तुमच्याही फीडमध्ये आली असेल. भारताच्या एकूण वीजक्षमतेपैकी निम्मी आता कोळसा, गॅस अशा जीवाश्म इंधनांवर अवलंबून नाही. पॅरिस करारात यासाठी आपण २०३० ची मुदत दिली होती, ते पाच वर्षं आधीच झालं. बातमी खरी आहे. पण २०२४-२५ मध्ये देशात तयार झालेल्या विजेपैकी ७० टक्क्यांहून जास्त वीज कोळशाचीच होती, हेही तितकंच खरं आहे.

दोन्ही एकाच वेळी खरं कसं? सगळी गंमत 'क्षमता' या शब्दात आहे. नेटचं उदाहरण घ्या. स्पीड आपण एमबीपीएसमध्ये मोजतो आणि वापरलेला डेटा जीबीमध्ये. क्षमता म्हणजे स्पीड, तयार झालेली वीज म्हणजे डेटा. शंभर एमबीपीएसचं कनेक्शन दिवसातून पाचच तास चालत असेल, तर महिन्याला डेटा तरी किती होणार? रात्र, ढग, सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन हे सगळं धरलं तर सोलर पॅनेल वर्षभरात पूर्ण क्षमतेच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकीच वीज देतं. तेवढ्याच क्षमतेचं कोळशाचं केंद्र त्याच्या तिप्पट वीज देऊ शकतं, आणि तीही रात्री आठ वाजता, जेव्हा घरोघरी एसी, टीव्ही आणि चार्जर चालू असतात.

म्हणजे खरा प्रश्न दुपारची वीज रात्रीपर्यंत कशी ठेवायची हा आहे. आणि इथे मी बराच आशावादी आहे. लिथियम-आयन बॅटरीची किंमत २०१० पासून सुमारे ९० टक्क्यांनी उतरली आहे. कॅलिफोर्नियात एप्रिल २०२४ मध्ये एका संध्याकाळी काही वेळ ग्रिडला सगळ्यात जास्त वीज बॅटऱ्यांकडून मिळत होती. दहा वर्षांपूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. बॅटरी नको असेल तर पाणी आहेच. सह्याद्रीत घाटघरला २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे. तिथे वीज शिल्लक असताना पाणी वरच्या धरणात चढवतात आणि गरज पडली की खाली सोडून वीज बनवतात. डोंगराएवढी पॉवर बँकच म्हणा ना.

पण इथेच थांबलो तर अर्धवट चित्र दिसेल. जग जेवढी ऊर्जा वापरतं, तिचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेच्या रूपात आपल्यापर्यंत येतो. बाकी सगळं थेट जळतं: गाड्यांमध्ये, भट्ट्यांमध्ये, जहाजांमध्ये, विमानांमध्ये.

यातला गाड्यांचा भाग दिसतो तेवढा अवघड नाही. पेट्रोल इंजिन इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णता म्हणून फुकट घालवतं, चाकापर्यंत जेमतेम पाव हिस्सा पोचतो. इलेक्ट्रिक गाडीत हाच आकडा ८० टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून 'तेलातून मिळणारी सगळी ऊर्जा सोलरने कशी भरून काढणार?' हा प्रश्नच जरा चुकीचा आहे. वाया जाणारी उष्णता भरून काढायची गरजच नाही. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या कारपैकी जवळपास नऊ पूर्णपणे इलेक्ट्रिक होत्या. (नॉर्वे स्वतः तेल विकून श्रीमंत झालेला देश आहे, ते सोडा.)

अवघड आहे ते सिमेंट. चुनखडी तापवली की दगडातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टी सोलरवर चालवली तरी तो निघणारच, आणि सिमेंटच्या एकूण उत्सर्जनात अर्ध्याहून जास्त वाटा त्याचाच. स्टीलमध्ये कोळसा फक्त उष्णता देत नाही, तो लोहखनिजातला ऑक्सिजन काढून घेतो. तेच काम हायड्रोजन करू शकतो. स्वीडनमध्ये २०२१ मध्ये असं स्टील बनवून व्होल्वोला दिलंही. पण ते महाग पडतं. युरियाचा कच्चा माल नैसर्गिक वायू आहे, म्हणजे आपलं पीकही गॅसवर उभं आहे. विमानाचं इंधन किलोमागे बॅटरीच्या साधारण ४० पट ऊर्जा साठवतं, त्यामुळे मुंबई-लंडन बॅटरीवर लवकर होईल असं मला तरी वाटत नाही.

आणि सगळ्यात त्रासदायक गोष्ट म्हणजे नवी ऊर्जा आजवर जुनीची जागा घेत नव्हती, तिच्यावर थर चढवत होती. सोलर इतकं वाढूनही २०२४ मध्ये जगाने कोळसा वापरण्याचा नवा उच्चांक केला, कारण मागणीच वाढत राहिली. एसी, कारखाने, आणि आमच्या धंद्याची डेटा सेंटर्ससुद्धा. २०२५ च्या पहिल्या सहामाहीत मात्र सौर आणि पवन विजेची वाढ जगातल्या विजेच्या मागणीच्या वाढीपेक्षा जास्त होती. माझ्या मते लक्ष ठेवावं असा आकडा हाच. हे दरवर्षी टिकलं तर कोळसा खरोखर कमी व्हायला लागेल. क्षमतेच्या बातम्या कितीही आल्या तरी हे झालं नाही तर फारसं काही बदलणार नाही.

तंत्रज्ञान जमलं तरी हिशेब राहतोच. भारतीय रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनाने जवळपास निम्मा कोळसा असतो, आणि मालवाहतुकीच्या कमाईतूनच आपलं प्रवासी तिकीट स्वस्त ठेवलं जातं. पेट्रोल-डिझेलवरचा कर राज्यांच्या तिजोरीत जातो. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे. तिथल्या आणि वणीच्या खाणींवर किती घरं चालतात ते तिकडच्या मित्राला विचारा. सोलर पार्क बांधून झालं की ते चालवायला फार माणसं लागत नाहीत. शिवाय पॅनेलच्या जागतिक उत्पादन साखळीत ८० टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या चीनचा आहे, म्हणजे आखातावरचं अवलंबित्व कमी करताना दुसरीकडे ते वाढणार. फरक एवढाच की तेल रोज विकत घ्यावं लागतं, आणि पॅनेल एकदा बसवलं की पंचवीस वर्षं चालतं.