दोन गिटारी, एक खोका



गेल्या महिन्यात आमच्या शुक्रवार पेठेतल्या एक ताई संध्याकाळी घरी आल्या. विड्या वळून त्यांनी दोन्ही मुले वाढवली. हातात बचत गटाचे पासबुक होते. म्हणाल्या, "दादा, पोरं रोज डोकं खायलेत. गिटारीला खोका पाहिजे म्हणं. पंधरा हजार उचल घेऊ का? तुम्ही हिशेबातला माणूस, तुम्हीच सांगा."

थोरला मुलगा कामावरून आला की इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. कुणाची तरी जुनी घेतलेली. धाकटी कॉलेजात आहे, ती साधी गिटार घेऊन भीमगीते गाते. घरी सराव करायचा, विहारात वाजवायचे, जयंतीला गल्लीत कार्यक्रम करायचा. एका दुकानदाराने सांगितले, दोघांना दोन वेगळे अॅम्प्लिफायर घ्या. दुसऱ्याने सर्वांत मोठा खोका पुढे केला. ज्या घरात हजार विड्यांमागे मजुरी मोजतात, त्या घराला इथली चूक परवडत नाही.

मी संगीताचा जाणकार नाही, बी.कॉम. झालेला कारकून आहे. पण मंडळासाठी साउंडची एक खरेदी माझ्या हातून झाली आणि ती फसली, म्हणून लिहितो. खोक्यावर मोठ्या अक्षरात '१००० वॅट पीएमपीओ' असे छापले होते. आम्ही आकड्याला भुललो. कार्यक्रमात ढोलकी धडधडली, पण गाणाऱ्याचा शब्द कुणाला कळला नाही. पहिल्या रांगेतल्या एका आजीने शेवटी विचारले, "बाळा, बाबांचं गाणं म्हटलास का रे?" तो प्रश्न मला अजून टोचतो. नंतर कळले की पीएमपीओ हा जाहिरातीचा फुगवलेला आकडा. खरा आकडा 'आरएमएस' म्हणून लिहिलेला असतो.

आता दोन गिटारींतला फरक पाहू. साध्या गिटारीची पेटी पोकळ असते, आवाज त्या पेटीत घुमतो. खोक्याला जोडायची असेल तर तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्याखाली बहुधा 'पिएझो' पिकअप बसवलेले असते. ते तारेच्या कंपनाचा दाब विजेत बदलते. इलेक्ट्रिक गिटार बहुधा भरीव लाकडाची. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. आपल्या बेंजो पार्टीतल्या बेंजोलाही असेच पिकअप लावतात. म्हणजे ही दोन्ही वाद्ये चुलत भावंडेच.

इलेक्ट्रिक गिटारीसाठी बनवलेला खोका हा त्या वाद्याचाच अर्धा भाग असतो. त्याचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा तीक्ष्ण आवाज गाळून टाकतो, म्हणून मुद्दाम खरखरीत केलेला सूरही कानाला बरा लागतो. साध्या गिटारीच्या खोक्यात मात्र वरच्या बारीक आवाजासाठी बहुधा वेगळा छोटा स्पीकर, म्हणजे ट्विटर असतो. गाण्यातले 'स', 'श' त्यानेच स्पष्ट होतात.

साधी गिटार इलेक्ट्रिकच्या खोक्याला जोडली तर आवाज कोंदट येतो. आवाज वाढवला की पोकळ पेटी स्पीकरचा आवाज पुन्हा पकडते आणि खोका घुमायला किंवा शिट्टी मारायला लागतो. उलट इलेक्ट्रिक गिटार साध्या गिटारीच्या खोक्याला जोडली तर स्वच्छ वाजते. फक्त खरखरीत सूर माशा घोंगावल्यासारखा लागतो, आणि त्यावर स्पीकरची नक्कल करणाऱ्या पेडलचा उपाय आहे. पण जो वरचा आवाज स्पीकरच गाळतो, तो कोणतेही पेडल परत आणू शकत नाही. म्हणून एकच खोका घ्यायचा असेल तर स्वच्छ आवाजाचा घ्यावा. खरखर नंतर विकत घेता येते, स्वच्छता घेता येत नाही.

काही खोके दोन्ही कामांसाठी बनवलेले असतात. जपानच्या रोलँड कंपनीच्या 'क्यूब स्ट्रीट' या छोट्या खोक्यात एक चॅनेल गिटारीचे, दुसरे माइकचे. गिटारीचा प्रकार बटण फिरवून बदलता येतो. पण आमच्या भावंडांना एकाच वेळी वाजवायचे तर दोन गिटारी आणि एक माइक, अशा तीन जोडण्या लागतात. दुकानात आधी त्या मोजाव्यात.

जोडणी कोणती, हेही पाहावे. कराओकेच्या ट्रॉली स्पीकरमध्ये माइकच्या जागी गिटार खुपसली तर ती मंद वाजते, कारण गिटारीच्या जोडणीला साधारण दहा लाख ओहम अवरोध लागतो. 'गिटार' किंवा 'इन्स्ट्रुमेंट' असे लिहिलेलीच जोडणी घ्यावी. ब्लूटूथवर गाणी ऐकावीत, वाजवू नये. आवाज थोडा उशिरा येतो आणि ताल चुकतो.

आता वॅट. दहा वॅटचे शंभर केले म्हणजे आवाज दहापट होत नाही. बाकी सगळे तेच ठेवले तर कानाला तो जेमतेम दुप्पट वाटतो. पैसे मात्र कितीतरी जास्त जातात. घर आणि विहार यांना वीस-तीस आरएमएस वॅट पुरतात. मोठ्या मंडपासाठी खोक्याला 'लाइन आउट' असावे. तिथून एक वायर मंडपाच्या साउंडला दिली की काम झाले. त्यासाठी घरात कपाटाएवढा खोका नको.

बॅटरीचा हिशेब तर सोपा आहे. बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १२ × ७ = ८४ वॅट-तास. खोका सरासरी वीस वॅट ओढत असेल तर कागदावर चार तास. पण शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून दोनच तास धरा. बॅटरीवर खोक्याची ताकद कमी होते का, तेही विचारा. साध्या गिटारीच्या आतही अनेकदा नऊ व्होल्टची बॅटरी असते. वाजवून झाले की वायर उपसून ठेवावी, नाहीतर ती रात्रभर उतरत राहते.

एक गोष्ट पैशापेक्षा मोठी. गिटारवाल्याचा हात तारेवर आणि ओठ माइकजवळ असतात. आकडा टाकून घेतलेली वीज, मोडलेली अर्थिंगची पिन, सोललेली वायर यांतून जिवावर बेतणारा शॉक बसू शकतो. तिसरी पिन कधी तोडू नका.

आणि कायदा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. ठरावीक दिवशी सरकार बारापर्यंत सूट देते. शेजारी आजारी माणूस असेल, परीक्षेची पोरे असतील, तर सूट असूनही आवाज कमी करण्यात आपलाच मान आहे.

कुणी म्हणेल, आपल्या गाण्यात गिटार कशाला? आंबेडकरी जलसे १९३० च्या दशकात गावोगाव फिरले. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी बाबासाहेबांचा विचार अडाणी माणसापर्यंत गाण्यातून नेला. पुढे वामनदादा कर्डकांनी (१९२२ ते २००४) तेच आयुष्यभर केले. आज मुंबईत कबीर शाक्य यांचा 'धम्म विंग्ज' हा बँड गिटारीवर बुद्ध आणि भीमाची गाणी गातो. चेन्नईत २०१७ साली उभा राहिलेला 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' पराईसारख्या वाद्याबरोबर इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. वाद्य बदलले तरी चालते. शब्द पोहोचला पाहिजे.

ताईंना मी एवढेच सांगितले की दोन्ही गिटारी, माइक आणि दोन्ही मुले घेऊन दुकानात जा आणि तुम्ही स्वतः दारात उभ्या राहा. थोरल्याने वाजवताना धाकटीने गावे. शब्द दारापर्यंत आले तर पैसे मोजा.

त्यांनी तसेच केले. पहिल्या दोन खोक्यांना ताईंनी मान हलवली. तिसरा त्यांहून लहान होता. तीन जोडण्या, बॅटरी आतच. अकरा हजारांत तो आला. वायरी आणि माइकचा स्टँड धरून साडेबारा झाले, आणि उचलही तेवढीच घेतली. पेडल मात्र थोरल्याने स्वतःच्या पगारातून घ्यायचे ठरले आहे.

परवा विहारात धाकटी गायली. कार्यक्रम संपल्यावर ताई मला म्हणाल्या, "दादा, शेवटच्या रांगेतनं ऐकलं मी. सगळं कळलं."

जयभीम.