शाळा निवडताना टेंडर आणि रोजचं गिऱ्हाईक यात गल्लत करू नका



चॅनलवर आपण भांडवल, उधारी, जीएसटी यावर बोलतो. आज शाळेवर लिहितोय. कारण ट्रेनिंगला येणाऱ्यांच्या खर्चाच्या वह्या बघितल्या, की जून महिन्यात एक आकडा ठळक दिसतो, मुलांची फी. आणि गंमत म्हणजे हा खर्च ठरवताना आपण धंद्यातला एकही नियम वापरत नाही.

अमेरिकेत गेलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना एक प्रश्न पडतो, मुलाला मॅग्नेट शाळेत घालायचं की चार्टर शाळेत? मॅग्नेट म्हणजे सरकारी, पण एखाद्या खास अभ्यासक्रमामुळे लांबून मुलं खेचणारी शाळा. जागा कमी, म्हणून लॉटरी किंवा परीक्षा. चार्टर म्हणजे पैसा सरकारचा आणि शाळा चालवणारे वेगळे. त्याचा तिथला पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ साली केला.

नावं परकी आहेत, पण या दोन्हींच्या जवळ जाणाऱ्या शाळा आपल्या रायगडातच आहेत. मॅग्नेटच्या जवळची म्हणजे माणगाव तालुक्यात निजामपूरला असलेलं जवाहर नवोदय विद्यालय. चार्टरच्या जवळची म्हणजे आपली अनुदानित शाळा. शिक्षकांचा पगार सरकार देतं, कारभार संस्था बघते. ही अनुदानाची पद्धत आपल्याकडे १८५४ च्या वुडच्या खलित्यापासूनची आहे.

आता धंद्याच्या भाषेत बघा. नवोदय हे टेंडर आहे. अनुदानित शाळा हे रोजचं गिऱ्हाईक आहे.

टेंडर का म्हणतो? सहावीला साधारण ८० जागा, त्याही अख्ख्या जिल्ह्यासाठी. परीक्षा २ तासांची, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ५० गुण बुद्धिमत्तेला, २५ गणिताला, २५ भाषेला. पेपर मराठीत देता येतो, अर्जाला पैसे लागत नाहीत. पण परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. लागलं तर राहणं, जेवण, पुस्तकं मोफत आणि सीबीएसईचं शिक्षण बारावीपर्यंत. टेंडर भरावंच, माझं स्पष्ट मत आहे. पण टेंडर लागेल या भरवशावर कोणी गोदाम भाड्याने घेत नाही. तसंच नवोदयच्या आशेवर चौथी-पाचवीच्या पोराला दोन-दोन क्लासला जुंपू नका.

आणि टेंडरची अट आधी वाचा. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. त्यात बसायला तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी हद्दीतल्या शाळेत काढला, तरी मूल शहरी धरलं जातं. रामवाडीसारख्या ठिकाणी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण पेण शहर हाकेच्या अंतरावर. "चांगली शाळा" म्हणून तिसरीत मुलाला नगरपरिषदेच्या हद्दीत हलवलं, तर दोन वर्षांनी त्याची किंमत कळते. तेव्हा शाळा बदलण्याआधी विचारा, ही शाळा ग्रामपंचायत हद्दीत की नगरपरिषद हद्दीत?

पैशात न दिसणारा खर्चही धरा. दहा-अकरा वर्षांचं मूल घर सोडून वसतिगृहात जाणार. नववीत काही मुलं एक वर्षासाठी हिंदी भाषिक राज्यातल्या नवोदयला पाठवली जातात. काही मुलं त्याने घडतात, काही कोमेजतात. आपलं मूल कुठलं, हे कुठलाच निकाल सांगत नाही. आई-वडिलांनाच ओळखावं लागतं.

आता रोजचं गिऱ्हाईक. अनुदानित शाळेची चमक कमी असते. पण आठवीपर्यंत पोषण आहार आणि पाठ्यपुस्तकं मिळतात, बऱ्याच ठिकाणी सेमी इंग्रजी आहे आणि मूल संध्याकाळी घरी असतं. तुमच्या गल्ल्याशेजारी बसून हिशेब शिकणारं मूल, हे शिक्षण कुठलीच शाळा देत नाही.

"पण दर्जाचं काय?" हा प्रश्न बरोबर आहे. सगळ्या अनुदानित शाळा सारख्या नसतात. अमेरिकेतल्या चार्टर शाळेला ठरावीक मुदतीचा करार असतो, काम नीट नसेल तर तो रद्द होऊ शकतो. आपल्याकडे तेवढा धाक नाही. म्हणून लक्ष पालकांनी ठेवायचं. सप्लायरचा माल आपण हातात घेऊन बघतो ना? तसं शाळेत जा. शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत विचारा. पाचवीच्या मुलाला एक परिच्छेद वाचायला सांगा, एक भागाकार करायला सांगा. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीला दुकान तासभर बंद ठेवून जा.

तिसरा पर्याय म्हणजे खासगी इंग्रजी शाळा. माझा विरोध नाही, हिशेब मात्र करा. समजा फी आणि व्हॅन मिळून वर्षाला ५२,००० रुपये. दुकानात सगळा खर्च जाऊन १० टक्के उरत असतील, तर त्या फीसाठी ५,२०,००० रुपयांची विक्री लागते. आणि फी येते जूनमध्ये. पेण-हमरापूरच्या गणपती कारखानदाराला विचारा, जूनमध्ये रंगाला आणि मजुरीला रोख किती लागते! फीसाठी खेळतं भांडवल काढलं, की सीझनला माल कमी पडतो आणि मग व्याजाने पैसे उचलावे लागतात. उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी अर्ज जरूर करा, तो तुमचा हक्क आहे.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. धंदा पहिल्या पाच वर्षांत असेल, तर जवळची, स्वतः तपासलेली अनुदानित किंवा जिल्हा परिषदेची शाळा धरा. नवोदयचा अर्ज भरा, घरी रोज अर्धा तास सराव घ्या, आणि नाही लागलं तर पोराला एक शब्द बोलू नका. वाचलेली फी सगळी धंद्यात घालू नका. निम्मी मुलाच्या नावाने बाजूला टाका. दहावीनंतर खरा खर्च सुरू होतो, तेव्हा ती हाताशी हवी.

तुमच्या मुलाची शाळा कोणत्या हद्दीत येते, हे आज विचारून घ्या आणि कमेंटमध्ये कळवा. पुढच्या व्हिडिओत भेटू.